प्रयोगशाळेचे दप्तर आणि त्याची राखण



आजचा विषय वरवर पाहता व्यापारी मंडळींच्या कामाचा वाटावा असा आहे. औषधे, लसी आणि जनुके यांचे संशोधन करणाऱ्या दोन कंपन्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर त्यांपैकी कोणत्या कंपनीला सायबर हल्ल्याचे भय अधिक आहे आणि ते कोणत्या मापाने मोजावे, असा हा प्रश्न आहे. भांडवल घालणाऱ्याला तो पडतो, विमा उतरवून घेणाऱ्याला पडतो, आपले संशोधन दुसऱ्याच्या हवाली करण्यापूर्वी भागीदार कंपनीला पडतो. आणि ज्या देशाने आपल्या मुलांच्या लसींचा मक्ता एखाद्या कारखान्याला दिलेला असतो, त्या देशाच्या आरोग्यखात्याला तर तो पडलाच पाहिजे. माझे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना ते मान्य नाही त्यांना माझ्या पुढील विवेचनातील दोष शोधीत बसता येईल. अशी तुलना आज सर्रास होते, तिचे निकाल आकड्यांत मांडले जातात, आणि ते आकडे बहुधा अशा गोष्टींचे असतात की ज्यांचा संशोधनाच्या मर्माशी संबंध थोडाच असतो.

या तुलनेचा एक स्वतंत्र व्यवसायच गेल्या पंधरा वर्षांत अमेरिकेत उभा राहिला आहे. बिटसाइट नावाची कंपनी इतर कंपन्यांना २५० पासून ९०० पर्यंत गुण देते. सिक्युरिटीस्कोअरकार्ड नावाची दुसरी ‘ए’ पासून ‘एफ’ पर्यंत श्रेणी लावते. हे गुण देण्यासाठी कंपनीची परवानगी लागत नाही, कारण जे काही पाहावयाचे ते इंटरनेटवरून, बाहेरच्या बाहेरच पाहिले जाते: कोणता सर्व्हर उघड्यावर आहे, कोणत्या संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत उलटली आहे, कोणते सॉफ्टवेअर जुन्या आणि सदोष आवृत्तीवर चालले आहे, कर्मचाऱ्यांचे पासवर्ड चोरबाजारात विक्रीस आले आहेत काय. ही माहिती निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. तथापि रस्त्यावर उभे राहून वाड्याच्या दिंडीदरवाजाचे खिळे मोजावेत आणि त्यावरून आतील ऐवजाची किंमत सांगावी, त्यातलाच हा प्रकार आहे, आणि जैवतंत्रज्ञानाच्या क्षेत्रात त्याने होणारी फसगत विशेष मोठी आहे.

याचे कारण असे की या क्षेत्रात आजकाल अशा कंपन्या पुष्कळ निघतात की ज्यांच्यापाशी तीस-चाळीस माणसे, भाड्याच्या चार खोल्या आणि एखाद्या रेणूचे पेटंट एवढेच असते. प्रयोग कंत्राटी प्रयोगशाळा करते, औषध कंत्राटी कारखाना बनवतो, रुग्णांवरील चाचण्या तिसरीच संस्था चालवते, आणि सगळे कागद भाड्याच्या क्लाउडवर असतात. अशा कंपनीचा स्वतःचा म्हणावा असा सर्व्हरच नसल्यामुळे तिच्यात दोष सापडण्यास जागा उरत नाही आणि तिच्या पदरात उत्तम गुण पडतात. उलट शंभर वर्षांची, अनेक देशांत कारखाने असलेली, वेळोवेळी लहान कंपन्या विकत घेऊन त्यांची जुनी यंत्रणा जशीच्या तशी वागवणारी मातबर कंपनी परीक्षेस बसली, की तिच्या हजारो पत्त्यांपैकी कोठे ना कोठे काही तरी नादुरुस्त निघतेच. एवढ्यावरून लहान कंपनी सुरक्षित आणि मोठी असुरक्षित असा निकाल देणाऱ्याला, लहान कंपनीची सगळी जोखीम दुसऱ्यांच्या जागेत जाऊन बसली आहे, ही साधी गोष्ट दिसलेली नसते.

दुसरे माप म्हणजे पूर्वी झालेल्या हल्ल्यांची मोजदाद. जिच्यावर हल्ले अधिक झाले ती अधिक धोक्यात, हा हिशेब सरळ वाटतो. परंतु आपण मोजतो ते हल्ले नसून हल्ल्यांचे खुलासे असतात. जर्मनीतील बायर कंपनीने एप्रिल २०१९ मध्ये जाहीर केले की ‘विन्टी’ या नावाने ओळखले जाणारे घातक सॉफ्टवेअर २०१८ च्या आरंभीच आपल्या यंत्रणेत सापडले होते, आणि ते लागलीच उपटून न टाकता मार्च २०१९ अखेरपर्यंत आपल्या माणसांनी त्यावर गुप्तपणे पाळत ठेवली. माहिती बाहेर गेल्याचा पुरावा मिळाला नाही. आता ही बायरच्या खात्यावर नावे टाकावयाची रक्कम की जमा धरावयाची? शिरलेला माणूस ओळखून त्याच्या हालचाली वर्षभर टिपीत राहणारी कंपनी आणि घरात कोणी शिरले आहे याचा पत्ताच नसलेली कंपनी, यांपैकी दुसरीचे पान कोरे असते, आणि मोजदाद करणाऱ्याला कोरे पान आवडते.

खुलासा केव्हा करावा यासंबंधीचे कायदेही देशोदेशी निराळे आहेत. अमेरिकेच्या रोखे आयोगाने जुलै २०२३ मध्ये नियम केला की घडलेला प्रकार भागधारकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे असे कंपनीने ठरवल्यापासून चार कामकाजाच्या दिवसांत तो जाहीर झाला पाहिजे. आपल्याकडे संगणकीय आपत्तींची दखल घेणाऱ्या सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशान्वये सहा तासांची मुदत घातली. ती अमेरिकेपेक्षा कितीतरी कडक दिसते खरी, परंतु ती वर्दी सरकारदरबारी जावयाची असते आणि दरबारातला तो कागद रयतेच्या नजरेस पडत नाही. रयतेला जे कळते ते शेअरबाजाराला दिलेल्या पत्रांतून. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २२ ऑक्टोबर २०२० रोजी, म्हणजे रशियाच्या स्पुटनिक लसीच्या भारतातील चाचण्यांना परवानगी मिळाल्यानंतर अवघ्या काही दिवसांत, हल्ला झाल्यामुळे आपली सर्व डेटा-केंद्रे इतर यंत्रणेपासून तोडल्याचे कळवले. मुंबईच्या लुपिनने पुढच्याच महिन्यात आणि मुंबईच्याच सन फार्माने मार्च २०२३ मध्ये अशीच पत्रे पाठवली. या तीन कंपन्यांची नावे मला या व्यासपीठावरून घेता येतात याचे कारण त्या शेअरबाजारात नोंदलेल्या आहेत. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट आणि हैदराबादची भारत बायोटेक या खाजगी मालकीच्या असल्यामुळे त्यांना असे बंधन नाही. त्यांच्याविषयी मार्च २०२१ मध्ये जगाला जे कळले, म्हणजे चीनशी संबंध जोडल्या गेलेल्या एका टोळीने त्यांच्या यंत्रणेतील फटी हेरल्या होत्या, ते सायफर्मा नावाच्या एका त्रयस्थ कंपनीच्या सांगण्यावरून, रॉयटर्सच्या बातमीतून. लसींच्या मात्रांच्या संख्येने जगात अग्रस्थानी असलेला कारखाना आपल्या हडपसरात असावा आणि त्याच्या सुरक्षेची तुलना करण्यास आपल्याजवळ एका बातमीपलीकडे साधन नसावे, ही गोष्ट मला थोडी चमत्कारिक वाटते. असो.

तर मग तुलना करावयाची कशाची? संगणकशास्त्राच्या ग्रंथांत सुरक्षेची तीन अंगे सांगितलेली असतात: गुप्त ते गुप्त राहणे, असेल ते अविकृत राहणे, आणि लागेल तेव्हा ते हाती येणे. ग्रंथकार ही तिन्ही एका पंक्तीत बसवतात. परंतु प्रत्यक्षात प्रत्येक कंपनीचा मर्मबिंदू या तिहींपैकी कोठे तरी एका ठिकाणी असतो, आणि तो कोठे आहे हे तिच्या संगणकांवरून ठरत नसून ती कोणते विज्ञान करते यावरून ठरते.

लस बनवणाऱ्या मोठ्या कारखान्याचे मर्म काम खंडित न होण्यात असते. २७ जून २०१७ रोजी अमेरिकेच्या मर्क कंपनीवर जे संकट कोसळले त्याचा उगम मर्कच्या शत्रुत्वात नव्हताच. युक्रेनमध्ये धंदा करणाऱ्या कंपन्या करांच्या हिशेबासाठी एम.ई.डॉक नावाचे सॉफ्टवेअर वापरीत. त्याच्या सुधारित आवृत्तीच्या पोटात ‘नॉटपेट्या’ दडवून कोणी तरी युक्रेनच्या अर्थव्यवस्थेवर वार केला. तो रशियाच्या लष्कराचा होता असे अमेरिका आणि ब्रिटन यांनी पुढे जाहीर केले. त्या देशातील कार्यालयावाटे तो मर्कच्या जाळ्यात शिरला, आणि न्यायालयापुढे आलेल्या माहितीप्रमाणे पहिल्या नव्वद सेकंदांत १०,००० आणि पाच मिनिटांत २०,००० यंत्रे त्याने निकामी केली. शेवटी हा आकडा ४०,००० च्या वर गेला. खंडणी मागण्याचा देखावा होता, पण पैसे भरले तरी कुलूप उघडण्याची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. मर्कची गार्डासिल-९ ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्रतिबंधक लस. तिचे उत्पादन थांबले, त्यातच मागणी अपेक्षेहून अधिक वाढली, आणि कंपनीला अमेरिकी सरकारच्या राखीव साठ्यातून स्वतःचीच लस उसनी घ्यावी लागली. त्या एका उसनवारीपायी वर्षाच्या विक्रीत २४ कोटी डॉलरची घट आली. मर्कची वैज्ञानिक गुपिते चोरीस गेल्याचे कोणी म्हटले नाही. तरीही एकंदर नुकसानीचा दावा १४० कोटी डॉलरचा झाला. ज्या कंपनीत सजीव पेशींची वाढ भांड्यात चालू असते, तेथे यंत्राचा ताबा सुटला म्हणजे पत्र टंकणे राहिले इतक्यावर भागत नाही. तापमान, आम्लता आणि प्राणवायू यांचा लगाम सुटलेली ती खेप फेकून द्यावी लागते आणि पुन्हा बीजापासून आरंभ करावा लागतो, व त्यास आठवडे लागतात.

हाम्बुर्गच्या इव्होटेकची गोष्ट याहून वेगळी. ही कंपनी मुख्यतः दुसऱ्या औषधकंपन्यांसाठी संशोधन करते. ६ एप्रिल २०२३ रोजी हल्ला लक्षात येताच तिने आपली यंत्रणा बाहेरच्या जगापासून तोडली, आणि माझ्या मते योग्यच केले. परंतु त्या गोंधळात तपासलेला वार्षिक अहवाल मुदतीत प्रसिद्ध होऊ शकला नाही, आणि जर्मन शेअरबाजाराच्या नियमाप्रमाणे तिला मे महिन्यात एमडॅक्स या निर्देशांकातून काढण्यात आले. विज्ञानाला धक्का लागो न लागो, दप्तर बंद राहिले म्हणून बाजारातील पतीला धक्का लागला. आणि ही जोखीम कोणत्याही प्रयोगशाळेच्या पाहणीत सापडली नसती.

ज्या कंपन्यांची संपत्ती म्हणजे माणसांच्या जनुकांची नोंद, त्यांचे मर्म गुप्ततेत. ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीचा प्रकार २०२३ च्या ऑक्टोबरात उघडकीस आला. दुसऱ्या संकेतस्थळांवरून चोरलेले पासवर्ड हल्लेखोराने येथे लावून पाहिले, आणि ज्यांनी तोच पासवर्ड दोन्हीकडे ठेवला होता अशी सुमारे १४,००० खाती उघडली. कंपनीच्या एकूण ग्राहकांत हे प्रमाण हजारी एक इतके अल्प होते. परंतु या कंपनीने ग्राहकांना एकमेकांचे रक्ताचे नातेवाईक शोधून देण्याची सोय केलेली असल्यामुळे त्या १४,००० खिडक्यांतून सुमारे ६९ लाख माणसांची माहिती दिसली. ज्याने आपला पासवर्ड जपून ठेवला होता त्याचीही माहिती त्याच्या दूरच्या चुलतभावाच्या हलगर्जीपणामुळे गेली. पेढीतून पैसे गेले तर भरून देता येतात, खातेक्रमांक बदलता येतो. जन्मासोबत आलेली जनुके बदलून घेण्याची सोय कोणत्याही कचेरीत नाही. ही कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली, तेव्हा तिच्या ताळेबंदातील सर्वांत मौल्यवान जिन्नस म्हणजे हीच नोंद, आणि कॅलिफोर्नियाच्या महाअभियोक्त्याने ग्राहकांना ती पुसून टाकण्याची विनंती करण्याचा हक्क बजावण्याची आठवण करून दिली होती.

याच वर्गातील न्यूयॉर्कच्या एन्झो बायोकेम या कंपनीचे प्रकरण मला अधिक बोधप्रद वाटते, कारण त्यात काहीही अद्भुत नाही. एप्रिल २०२३ मध्ये तिच्या प्रयोगशाळांतील सुमारे २४ लाख रुग्णांची माहिती हल्लेखोरांच्या हाती लागली. सरकारी चौकशीत निघाले ते असे: हल्लेखोर आत शिरले ते दोन लॉगिनांच्या आधारे, ती दोन लॉगिने पाच कर्मचारी सामाईक वापरीत, आणि त्यांतील एकाचा पासवर्ड दहा वर्षांत बदललेला नव्हता. ऑगस्ट २०२४ मध्ये तीन राज्यांच्या महाअभियोक्त्यांशी झालेल्या तडजोडीत कंपनीने ४५ लाख डॉलर भरले. आता विचार करा की या कंपनीची परीक्षा बाहेरून करणाऱ्याला, आत पाच माणसे एकच किल्ली फिरवीत आहेत हे कोणत्या उपायाने दिसले असते?

तिसऱ्या अंगाविषयी, म्हणजे नोंद अविकृत राहण्याविषयी, मला अधिक सांगावयाचे आहे, कारण या क्षेत्रातील खरी भीती माझ्या मते तेथे आहे, आणि तुलनेच्या कोष्टकांत तिला सर्वांत कमी जागा मिळते. चोरी झाली की उशिरा का होईना बहुधा कळते, कुलूप लागले की तात्काळ कळते. परंतु प्रयोगवहीतील एखादा आकडा कोणी बदलला तर सगळे काही पूर्ववत् चालू राहते, आणि तो आकडा खरा मानून पुढचे वर्षभराचे काम होते.

नोंदीच्या खरेपणावर काय काय अवलंबून असते याचे एक जुने उदाहरण आपल्या मुंबईतलेच आहे. प्लेगची लस तयार करणारे वाल्देमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी शंभरावर लोकांना तेथील लस टोचण्यात आली आणि त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. मेलेले सगळे ‘५३ एन’ या क्रमांकाच्या एकाच कुपीतून टोचलेले होते; इतर कुप्यांचे लोक सुखरूप राहिले. दोष परळच्या निर्जंतुकीकरणाचा, असे चौकशी समितीने ठरवले, आणि हाफकिन यांचे पद गेले. पुढे रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी उभय बाजूंचे कागद पुन्हा तपासून, कुपी उघडताना गावातच चिमटा जमिनीवर पडला होता व तो पुरेसा शुद्ध न करता वापरला गेला, या वस्तुस्थितीकडे लक्ष वेधले, आणि १९०७ साली हाफकिन दोषमुक्त ठरले. संस्थेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ साली. हा न्याय होण्यास पाच वर्षे लागली. पण तो मुळात होऊ शकला तो कोणत्या माणसाला कोणत्या कुपीतून टोचले याची कागदावरील नोंद कोणी बदलली नव्हती म्हणून. ती नोंद आज संगणकात असते, आणि ती बदलण्यास परळला किंवा मुलकोवालला जावे लागत नाही.

हे भय काल्पनिक नाही. डिसेंबर २०२० मध्ये अॅमस्टरडॅम येथील युरोपीय औषध संस्थेवर हल्ला होऊन फायझर व बायोएनटेक यांच्या लसीसंबंधीचे कागद चोरीस गेले, आणि जानेवारीत ते इंटरनेटवर पसरवण्यात आले. संस्थेने तेव्हा सांगितले की त्यांतील काही पत्रव्यवहार, लसींवरील विश्वास डळमळावा अशा रीतीने, प्रसिद्ध करण्यापूर्वी फिरवलेला आहे. आणि यातील मख्खी अशी की त्या कागदांत खरी शंकाही होती: कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनवलेल्या काही खेपांत अखंड आरएनएचे प्रमाण शेकडा ७८ वरून ५५ वर आले होते, तपासनीस त्याविषयी कंपनीला विचारीत होते, आणि नंतरच्या खेपांत ते पुन्हा वर गेल्याचेही त्याच पत्रव्यवहारात होते. खऱ्यात थोडे खोटे मिसळले की खऱ्यालाही जामीन मिळत नाही. त्या प्रकरणात फिरवलेल्या प्रती बाहेर गेल्या, मूळ दप्तर शाबूत होते, म्हणून रुजुवात घेता आली. मूळ दप्तरातच हात घातला गेला असता तर रुजुवात कशाशी घेणार?

यंत्रांच्या बाबतीत तर परिस्थिती अधिकच नाजूक आहे. जनुकक्रम वाचणारी यंत्रे जगभरातील प्रयोगशाळांत प्रामुख्याने इल्युमिना या एकाच कंपनीची असतात. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने जाहीर केले की त्या यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक फट आहे आणि तिचा उपयोग करून दूरवर बसलेल्या अनोळखी माणसाला यंत्राची मांडणी बदलता येईल, इतकेच काय पण निष्कर्षही बिघडवता येतील. दोषांची तीव्रता शून्य ते दहा अशा मापाने मोजतात. या दोषाला दहा मिळाले. त्याचा कोणी गैरफायदा घेतल्याचे दिसून आले नव्हते. पुढे, सदोष यंत्रे सरकारी खात्यांना विकल्याच्या दाव्यात, कंपनीने आरोप कबूल न करता जुलै २०२५ मध्ये ९८ लाख डॉलर देऊन तडजोड केली. आता ज्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या हीच यंत्रे वापरतात त्यांच्यातील तुलना या एका बाबतीत शून्यवत् होते, कारण दोघींचा दोष एकच, आणि तो दोघींचाही नव्हे.

प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करणारा कोणीही तुम्हाला सांगेल की तेथील सर्वांत जुना संगणक बहुधा सर्वांत महागड्या यंत्राला जोडलेला असतो. क्रोमॅटोग्राफ किंवा मास स्पेक्ट्रोमीटर घेतला की त्याबरोबर संगणक येतो आणि त्यावरील विंडोज ज्या आवृत्तीची असेल तीच यंत्राच्या आयुष्यभर राहते. मायक्रोसॉफ्टने विंडोज-७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली म्हणून कोणी पन्नास लाखांचे चालते यंत्र मोडीत काढीत नाही. त्यात औषधांच्या कायद्याची भर पडते. औषध-परवान्यासाठी दाखल करावयाच्या नोंदी ज्या यंत्रणेत ठेवल्या जातात ती यंत्रणा प्रमाणित असावी लागते, अमेरिकेचा यासंबंधीचा नियम १९९७ पासून अमलात आहे, आणि प्रमाणित यंत्रणेतील सॉफ्टवेअर बदलले की ती ठरल्याप्रमाणे चालते हे पुन्हा कागदोपत्री सिद्ध करावे लागते. परिणामी जी दुरुस्ती एखादी पेढी एका रात्रीत करील ती औषध-प्रयोगशाळा तिमाही उलटल्यावर करते, आणि हे ती आळसाने नव्हे तर कायद्याच्या आदरापोटी करते. म्हणून दुरुस्त्या किती लवकर झाल्या या मापाने जैवतंत्रज्ञान-कंपनीची तुलना बँकेशी करणारा माणूस प्रयोगशाळेला अकारण दोष देतो. आणि दोन प्रयोगशाळांची आपापसात तुलना करताना पाहावयाचे ते हे, की न दुरुस्त होणारी यंत्रे इतर जाळ्यापासून वेगळी कोंडून ठेवली आहेत की हजेरीच्या संगणकाशेजारीच बसवली आहेत.

वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली डीएनएच्या रेणूतच घातक आज्ञा लिहून, तो रेणू वाचणाऱ्या संगणकाचा ताबा घेऊन दाखवला, त्याचा येथे उल्लेख न केला तर मी काही विसरलो असे कोणास वाटेल. वर्तमानपत्रांनी तो प्रयोग पुष्कळ गाजवला. संशोधकांनी स्वतःच त्या सॉफ्टवेअरमध्ये आधी फट पाडून ठेवली होती हे मात्र मथळ्यांत आले नाही. प्रयोग बुद्धिमत्तेचा होता. आजच्या तुलनेत त्याला वजन देण्याचे कारण मला दिसत नाही.

सामाईक संकटाचा मुद्दा इल्युमिनाच्या निमित्ताने निघालाच आहे, तर तो थोडा पुढे नेतो. फिलाडेल्फियाची ई-रिसर्च-टेक्नॉलॉजी ही कंपनी औषधचाचण्यांसाठी सॉफ्टवेअर पुरवते. सप्टेंबर २०२० मध्ये तिच्यावर खंडणीखोरांचा हल्ला झाला, तेव्हा तिचे गिऱ्हाईक असलेल्या संशोधकांना रुग्णांच्या नोंदी कागद-पेन्सिलीने कराव्या लागल्या. त्यांत अॅस्ट्राझेनेकाच्या करोना-लसीच्या चाचणीची व्यवस्था पाहणारी आयक्यूव्हिया होती, आणि तिने प्रती स्वतंत्र ठेवल्या असल्यामुळे तिचे फारसे बिघडले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सेन्कोरा या औषधवितरक कंपनीकडून माहिती चोरीस गेली, आणि हळूहळू निष्पन्न झाले की वीसहून अधिक औषधकंपन्यांच्या रुग्णसाहाय्य योजनांतील माणसांची नावे त्यात आहेत. त्या कंपन्यांचे गुण निरनिराळे असतील. संकट एकाच दिवशी, एकाच दारातून आले. विमा उतरवून घेणारा जेव्हा वीस कंपन्यांची जोखीम वीस ठिकाणी विखुरलेली आहे असे धरतो, तेव्हा तो या एका दाराचा हिशेब विसरलेला असतो.

मला कोणी दोन कंपन्यांची तुलना करावयास सांगितली, तर मी गुणपत्रिका बाजूस ठेवून प्रथम दोघींच्या प्रयोगशाळाप्रमुखांना, संगणकप्रमुखांना नव्हे, विचारीन की उद्या सकाळी सगळी यंत्रणा बंद पडली तर कोणत्या दिवसापर्यंत तुमचे काम चालेल आणि त्या दिवशी नेमके काय मरेल: पेशींची एखादी पिढी, रुग्णाची चाचणी, की केवळ एक बैठक. नंतर विचारीन की तीन महिन्यांपूर्वीच्या प्रयोगवहीतील एक आकडा आज रात्री कोणी बदलला तर तुम्हाला कसे कळेल, आणि प्रत्यक्ष मूळ यंत्रातून निघालेली, कोणाला बदलता न येणारी प्रत कोठे आहे ती दाखवा. या दुसऱ्या प्रश्नाला ‘बॅकअप आहे’ असे उत्तर आले तर ते उत्तर नव्हे, कारण बॅकअप बदललेल्या आकड्याचाही होतो. मग कंत्राटदारांची यादी मागून, दोन्ही याद्यांत समान असलेली नावे तांबड्या शाईने अधोरेखित करीन. एन्झोसारखे प्रकरण मनात ठेवून एखाद्या कनिष्ठ साहाय्यकाला, वरिष्ठांच्या माघारी, त्याचे लॉगिन आणखी कोण वापरतो हेही विचारून घेईन. या उत्तरांना ९०० पैकी गुण देता येणार नाहीत. एक कंपनी एका बाबतीत सरस आणि दुसऱ्या बाबतीत अधू निघेल, आणि ज्याला भांडवल घालावयाचे आहे किंवा लस विकत घ्यावयाची आहे त्याने आपल्याला कोणत्या अंगाची गरज आहे हे स्वतः ठरवावे लागेल.

ही तुलना ज्यांच्या पैशावर बेतलेली असते त्या विमा-कंपन्यांचे काय झाले, एवढे सांगून संपवतो. मर्कने १४० कोटींचा दावा केला तेव्हा काही विमा-कंपन्यांनी युद्धाचे कलम पुढे केले: नॉटपेट्या हे एका राष्ट्राचे शत्रुकृत्य, आणि युद्धाने झालेली हानी विमापत्रात वगळलेली. न्यू जर्सीच्या न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये निकाल दिला की त्या कलमाचा अर्थ सैन्ये लढतात ते युद्ध असा आहे, आणि युद्धभूमीपासून दूर असलेल्या औषधकंपनीच्या संगणकांना तो लावता येत नाही. मे २०२३ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल कायम केला, आणि जानेवारी २०२४ मध्ये उरलेल्या विमा-कंपन्यांशी समेट झाला. मर्क जिंकली. परंतु वरिष्ठ न्यायालयाचा निकाल लागण्यापूर्वीच, ऑगस्ट २०२२ मध्ये, लंडनच्या लॉइड्सने आपल्या विमा-संस्थांना फर्मावले की ३१ मार्च २०२३ पासून स्वतंत्र सायबर विमापत्रांत राष्ट्रपुरस्कृत हल्ले वगळणारे कलम स्पष्ट शब्दांत घालावे. तेव्हा २०१७ सारखा हल्ला पुन्हा झाला तर त्याची भरपाई, तो कोणत्या राष्ट्राने केला हे कोण ठरवणार आणि किती दिवसांत, यावर अवलंबून राहील. ज्या दोन कंपन्यांची तुलना करावयाची, त्यांच्या विमापत्रांत हे कलम कोणत्या शब्दांत उतरले आहे ते मागवून वाचावे, आणि एकीच्या कलमात हल्लेखोर राष्ट्र सिद्ध करण्याचा भार विमा-कंपनीवर व दुसरीच्या कलमात तो खुद्द विमा उतरवणाऱ्या कंपनीवर टाकलेला आढळला, तर त्या दोघींतील फरक इतर कोणत्याही आकड्यापेक्षा आधी टिपून ठेवावा.